एका मात्रेची दुरुस्ती

"तू मला मारलंस," बारकी म्हणाली आणि हातातलं मुद्रित तिने माझ्या टेबलावर असं आपटलं की पेनांचा डबा आडवा झाला. सकाळचे अकरा वाजले होते. कचेरीत आम्ही पाच माणसं; पाचही जणांचे हात जागच्या जागी थांबले. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. वय सत्तेचाळीस, कथा लिहिते, सभांमध्ये पहिल्या रांगेत बसते, आणि हे घरातलं नाव मी चारचौघांत कधी उच्चारत नाही. मी या प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधक आहे. छापण्याआधी प्रत्येक पानाचं मुद्रित, म्हणजे तपासायची प्रत, वाचायचं, चूक दिसली की लाल पेनने तिचा निकाल लावायचा, हे काम मी एकतीस वर्षं करतोय, आणि माझ्या नजरेतून चूक सुटते असं म्हणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. "हळू बोल," मी म्हणालो. हळू बोलायचा तिचा काही विचार दिसला नाही. तिने पान माझ्याकडे फिरवलं. शेवटून तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दाभोवती तिने पेन्सिलने इतके गोल काढले होते की कागद फाटायला आला होता. तिने लिहिलं होतं 'वाचले'. मी 'ले'वरची मात्रा काटून त्याचा 'लं' केला होता.

आता यात एवढं काय, असं कुणालाही वाटेल. बारकीच्या नव्या कथासंग्रहाला आमच्या संपादकबाईंनी सुरुवातीला चार पानं मागितली होती. "वाचनाचा आनंद, लिहिण्याची प्रेरणा, असं काहीतरी मनमोकळं द्या ना, वाचकांना फार आवडतं." बारकीने चार पानं दिली. ती जुन्या पुस्तकांवर वाढलेली, त्यामुळे 'केले, गेले, होते' असं पुस्तकी लिहिते. संपादकबाईंचा हुकूम असा की सगळं बोलतं करायचं; 'केले'चं 'केलं', 'होते'चं 'होतं'. हुकुमाप्रमाणे त्या चार पानांत मी साठेक मात्रा कापल्या असतील. 'माझ्या हातात पुस्तक होते. मी वाचले.' याचं 'माझ्या हातात पुस्तक होतं. मी वाचलं.' झालं. सगळं नियमाला धरून. "मी वाचले," बारकी दातओठ खात म्हणाली, "म्हणजे जिवंत राहिले. मेले नाही. एखादी बाई 'मी वाचले' म्हणते तेव्हा ती काय म्हणते, हे एकतीस वर्षं लोकांची पानं लाल करून तुला कळत नाही?" मी म्हणालो, आधीच्या वाक्यात पुस्तक आहे, मग कुणालाही वाटणार पुस्तकच वाचलं. "कुणालाही वाटू दे," ती म्हणाली. "तुला वाटायला नको होतं."

एवढ्यात संपादकबाई त्यांच्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, स्वभावाने चांगल्या, सगळ्यांशी गोड बोलणाऱ्या. त्यांनी पान हातात घेतलं, वाचलं आणि म्हणाल्या, "पण ताई, 'वाचलं'च किती छान आहे! म्हणजे बघा, वडिलांनी मारलं, एवढं सगळं झालं, तरी त्या मुलीने वाचलं! मला तर डोळ्यांत पाणीच आलं. चुकून झालं असेल, पण राहू दे की. किती गोड शेवट होतो." गोड हा शब्द कानावर पडला आणि माझ्या हातात असलेली पोलादी फूटपट्टी मी इतकी आवळली की तिची कड तळव्यात रुतली. त्या बाईंच्या टेबलावरची काच एका फटक्यात फोडावी, त्यांच्या गळ्यातल्या चष्म्याच्या साखळीला धरून त्यांचं डोकं त्या पानावर दाबावं आणि म्हणावं, वाचा, नीट वाचा, यात काय गोड आहे ते दाखवा. मी तसं काही केलं नाही. मी असं मनातल्या मनात रोज दहा माणसांना करतो आणि संध्याकाळी घरी जातो. "तीन वाजता फर्मा खाली जायचाय," संपादकबाई म्हणाल्या. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. एकदा तो खाली यंत्रावर चढला की मग ब्रह्मदेव आला तरी मात्रा हलत नाही. "तोवर दोघं ठरवा आणि मला सांगा."

आमच्या धंद्यातली क्रियापदं नवख्याने ऐकली तर त्याला वाटेल आपण खाटीकखान्यात आलो. शब्द उडवायचा, ओळ तोडायची, परिच्छेद फोडायचा, मजकूर कापायचा, काट मारायची. मी हे हात न थरथरता करतो. लेखक रडतात, भांडतात, एकाने तर माझ्या अंगावर शाईची बाटली फेकली होती, आणि मला त्यांची कीव येत नाही. मी कुठल्याही लेखकाला एक अक्षरही वाढवून देत नाही. तो मुद्रितशोधकाचा धर्म आहे: कमी करायचं, बदलायचं, पण स्वतःचं काही घालायचं नाही. हा धर्म मला इतका मानवला, याचं कारण मी कधी शोधायला गेलो नव्हतो. बारकी समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होती आणि मी मान खाली घालून उगाच त्या संग्रहाची मागची पानं चाळत होतो, आणि अठ्ठ्याऐंशीव्या पानावर माझा हात थांबला. तिथे एका कथेतली बाई पेटलेल्या स्वयंपाकघरातून बाहेर पडते आणि शेजारणीला सांगते, 'मी वाचले'. तिथली मात्रा जशीच्या तशी होती. तिच्यावरून माझं लाल पेन चार दिवसांपूर्वी गेलं होतं आणि थांबलं नव्हतं. म्हणजे मला कळत होतं. हाताला कळत होतं. मग त्या एकाच जागी हाताने असं का करावं?

आमचं घर म्हणजे खोकी बनवायच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या. खाली बाबा आणि आणखी तिघं दिवसभर लाकडी खोकी ठोकायचे. करवतीचा आवाज, खिळ्यांचा आवाज, सगळ्या घरात भुसा. अंथरुणात भुसा, पाण्याच्या घड्यावर भुसा. खोकं तयार झालं की त्याच्याभोवती पोलादी पट्टी आवळायची, बोटभर रुंद, निळसर, दोन्ही कडांना धार असलेली. त्यातला हातभर लांब तुकडा आमच्या दाराच्या मागे खिळ्याला लावलेला असायचा. बाबांना लिहिता-वाचता येत होतं, पण कामापुरतं. पत्र्यातून कापलेल्या अक्षरांवरून काळा रंग फिरवून ते खोक्यांवर 'काच' आणि 'ही बाजू वर' आणि 'जपून' असं लिहायचे. दिवसातून शंभर वेळा जपून! आणि मग वर येऊन मारायचे. आईला मारायचे, मला मारायचे, बारकीला मारायचे, आणि मारायचं कारण ठरलेलं होतं: वाचताना सापडलो की. पुस्तकाशी त्यांचं काही वाकडं नव्हतं. त्यांना चीड होती गैरहजेरीची. आई सामानाच्या पुड्याचा कागद उलगडून वाचत उभी राहायची, दूध उतू जायचं, ते दारात येऊन हाक मारायचे आणि तिला ऐकूच यायचं नाही. "मी इथे उभा आहे आणि ही बाई घरात नाही!" ते ओरडायचे. "कुठे असतेस तू? कुठे जातेस?" आणि तिला तिथून परत आणण्यासाठी मारायचे. आईने पुढे वाचणं सोडलं. ती घरात राहायला लागली. पण मला अजूनही वाटतं की बाबांची शंका बरोबर होती. आम्ही खरंच घरात नसायचो.

वाचताना आधी कान जायचे. करवत दूर दूर जायची, मग बंद व्हायची. मग पाय जायचे, फरशीचा गारवा कळेनासा व्हायचा. मग भूक जायची. शेवटी हात जायचे, पान कोण उलटतंय हे कळायचं नाही, आणि मग उरायचं ते काय होतं ते मला आजवर सांगता आलेलं नाही. पण ते भुशाने भरलेल्या घरातल्या मार खाणाऱ्या पोराहून कितीतरी मोठं होतं. त्याला वारा लागायचा. मी पोटभर जेवलोय तो आनंद मला आठवत नाही, पण कुठलं पुस्तक कुठल्या कोपऱ्यात, कुठल्या उजेडात वाचलं हे आठवतं. आज मी दिवसाला चाळीस पानं वाचतो आणि माझे कान कधीही जात नाहीत. पंख्याची घरघर, शिपायाचा खोकला, सगळं ऐकू येत असतं. माझ्या कामाला तेच हवं असतं. जो हरवला त्याला चूक दिसत नाही.

तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि बारकी नऊ. आम्ही पाळी लावली होती. एकाने वाचायचं, दुसऱ्याने जिन्याकडे तोंड करून पहारा द्यायचा. भुशामुळे बाबांना खोकला होता. जिन्याच्या तोंडाशी तो ऐकू आला की सतरा पायऱ्यांचा अवकाश मिळायचा, तेवढ्यात पुस्तक कोठीत जायचं. त्या वर्षी मी निबंधाच्या स्पर्धेत पहिला आलो होतो. सर म्हणाले होते, हा पोरगा लेखक होणार. बक्षीस म्हणून पुस्तक मिळालं, पहिल्या पानावर चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर माझं नाव, इयत्ता, 'निबंध, प्रथम क्रमांक'. बर्फात हरवलेल्या पाच माणसांची गोष्ट होती. त्या दुपारी वाचायची पाळी बारकीची आणि पहारा माझा. ती ओठ हलवत हलवत हळू वाचायची. पाचही जण एका दोरीला बांधलेले, दोरी एका जागी झिजत चाललेली, आणि ही ओळीवर बोट ठेवून अक्षरं लावतेय! मला राहवेना. मी तिच्या हातातून पुस्तक हिसकावून घेतलं. ती रडली नाही, चिडली नाही. उठून जिन्याकडे तोंड करून बसली. माझा पहारा तिने घेतला. मग करवत बंद झाली, फरशी गेली, मी बर्फात होतो. कुणीतरी फार लांबून "दादा, दादा" म्हणत होतं आणि माझा दंड हलत होता. पानावर सावली पडली तेव्हा मी परत आलो. बाबा दारात वहाणा काढत होते, त्यांची पाठ होती आमच्याकडे. माझ्या हातांनी पुस्तक तिच्या मांडीवर फेकलं. बाबा वळले. "कोण वाचत होतं?" त्यांनी विचारलं. "ती," मी म्हणालो. "ती वाचत होती."

पट्टीचा आवाज काठीसारखा येत नाही. ती हवा कापत येते आणि अंगावर लागल्यावर थोडी थरथरते. पहिला फटका पाठीवर, दुसरा दंडावर, मग बारकी वळली आणि तिसरा कानावर. कान असा उघडला की आतलं पांढरं दिसलं, मग तिथे रक्त भरलं. बाबांनी तिची वेणी मुठीला गुंडाळली होती. "आलीस का परत? आलीस का?" ते दर फटक्याला विचारत होते. मी पाण्याच्या घड्याला पाठ लावून उभा होतो आणि बारकी ओरडत नव्हती. गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले, डोळे बाहेर आलेले, आणि तोंडातून आवाज नाही. मला तिचा राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला बाबांपेक्षा तिचा राग आला. ओरड ना, मी मनात म्हणत होतो, ओरडलीस तर ते थांबतील, आई ओरडायची की थांबायचे. कशाला एवढा ताठा? ती ओरडली नाही म्हणून ते थांबले नाहीत. ते मारत राहिले, ती खाली बसली, मग आडवी झाली, मग आई नळावरून ओल्या हातांनी धावत आली आणि बाबांच्या दंडाला लोंबकळली. पुस्तक बाबांनी खाली नेऊन सरस वितळवायच्या शेगडीत घातलं.

दवाखान्यात कंपाउंडर पडदा सारून बाहेर आला आणि मला म्हणाला, "वाचली रे तुझी बहीण." मी घाईघाईने म्हणालो, "ती नाही, मी. मी वाचत होतो." तो आईला म्हणाला, पोरगा घाबरलाय, याला पाणी द्या. आयुष्यात मी एकदाच खरं बोललो आणि ते कुणाला कळलं नाही. बारकीचा डावा कान गेला. बाबा पुढे कितीतरी वर्षं जगले, म्हातारपणी मऊ झाले, बारकीच्या हातचं जेवून अंथरुणात मेले. मी पुन्हा निबंध लिहिला नाही. सर विचारायचे, मी म्हणायचो, सुचत नाही. लेखिका झालेल्या बारकीला मात्र सगळे विचारतात, तुमची प्रेरणा काय? प्रेरणा म्हणे! हा शब्द मी हजारएक प्रस्तावनांत तपासलाय, बहुतेक ठिकाणी तो काढून टाकला तरी वाक्याचं काही बिघडत नाही. तिची प्रेरणा दाराच्या मागे खिळ्याला टांगलेली होती, मला ती माहीत होती, आणि 'मी वाचले' हे तिने अडतीस वर्षांनी पहिल्यांदा कागदावर लिहिलं. चार पानांत बाबा होते, आई होती, भुसा होता. मी नव्हतो. 'माझ्या हातात पुस्तक होते,' एवढंच. ते हातात कसं आलं हे तिने लिहिलं नव्हतं. आणि मग ते पान माझ्याकडे आलं, आणि मी मात्रा काटली, आणि वाक्य झालं 'मी वाचलं'. मी टेबलाची कड धरली. बाबा आले तेव्हा ती वाचतच नव्हती. वाचत मी होतो. मी बाबांना जे सांगितलं होतं, ती वाचत होती, तेच मी पुन्हा एकदा, लाल शाईने, तिच्या तोंडून वदवलं होतं.

"चल, जरा आत ये," मी बारकीला म्हणालो. कचेरीच्या मागे पुस्तकांचं गोदाम आहे, छतापर्यंत गठ्ठे, कुणी येत नाही. चालताना मी तिच्या डाव्या बाजूला होतो. मी नेहमी तिच्या डाव्या बाजूला चालतो. ही सवय केव्हा लागली ते मला आठवत नाही. गठ्ठ्यांच्या दोन भिंतींमध्ये उभं राहून मी पुटपुटलो, "पुस्तक माझं होतं. मी फेकलं तुझ्या अंगावर." ती समोर बघत राहिली. तिला ऐकू गेलं नाही, आणि ऐकू जाणार नाही हे ठाऊक असल्याशिवाय मी बोललोच नसतो. बोलून झालं, मोकळा झालो असं मला वाटलंसुद्धा! मग तिने मान वळवली आणि म्हणाली, "ओठ हलताना दिसले. ह्या बाजूला येऊन बोल." मी गेलो नाही. मी म्हणालो, "पान दे. मात्रा परत लावतो, विषय संपव." तिने पान पाठीमागे नेलं. "मात्रेसाठी आले होय मी?" ती म्हणाली. तिच्या त्या आवाजाने माझं डोकं फिरलं. मी तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं, पान सोडवायला, तिची बोटं उघडायला. आतली हाडं एकमेकांवर सरकलेली मला कळली, तिचं कोपर गठ्ठ्यावर आदळलं, वरची दोन पुस्तकं खाली पडली, आणि मला थांबायचं नव्हतं. बरं वाटत होतं. ती ओरडली नाही. तिने माझ्या हाताकडे पाहिलं, अगदी शांतपणे, आणि म्हणाली, "बाबांची पकड आहे रे अगदी."

मी हात सोडला. तिच्या मनगटावर माझी चार बोटं उमटली होती. मी खाली बसलो, पडलेल्या पुस्तकांवरच, आणि ती मनगट चोळत माझ्यासमोर उभी राहिली. मी तिच्या उजव्या बाजूला सरकलो. "ओरडली का नाहीस तेव्हा?" मी विचारलं. माझ्या तोंडून हेच निघालं. माफीबिफी काही नाही, तर हे. "ओरडली असतीस तर थांबले असते."

"कशी ओरडणार? तोंडात कागद होता."

"कसला कागद?"

"तुझ्या नावाचा. चिठ्ठीचं पान. तू पुस्तक फेकलंस आणि म्हणालास ती वाचत होती. बाबांनी ते उघडलं असतं तर? पहिल्याच पानावर तू. ते पट्टी काढायला दारामागे गेले, तू मान खाली घातली होतीस, तेवढ्यात मी फाडलं आणि कोंबलं तोंडात. जाड होता रे, बक्षिसाचा कागद. चावता चावेना. तोंड उघडलं असतं तर बाहेर पडला असता."

ती हे बाजारातून काय आणलं ते सांगावं तशा आवाजात सांगत होती. मी तोंडावर हात घेतला. ती म्हणाली, "लोक विचारतात कशासाठी लिहिता. काय सांगू त्यांना? तो कागद गिळला, तो अजून उतरला नाही. आणि एक आहे. ते पाच जण वाचले की मेले हे मला कळायचं होतं. दोरी तुटायला आली होती आणि तू पुस्तक हिसकावलंस, आणि बाबांनी ते जाळलं. मी पंधरा दिवस कानाला पट्टी बांधून पडले होते, एकच विचार. पुढे काय झालं? पुढे काय झालं? शेवटी मीच लिहिलं पुढचं, आईच्या हिशेबाच्या वहीच्या मागे. ती माझी पहिली गोष्ट."

"किती वाचवलेस?" मी विचारलं.

"एक. तोही बहिरा," ती म्हणाली आणि हसली. मी हसलो नाही. मला ते पाच जण अडतीस वर्षांत एकदाही आठवले नव्हते. मी दोरीपाशी पुस्तक सोडलं आणि पुढे काय झालं हे विचारणारा माणूसच माझ्यातून गेला. निबंध लिहिणारं पोरगं गेलं ते तिथेच, पाण्याच्या घड्यापाशी, आणि त्याच्या जागी चुका शोधणारा आला. मला तिचा हेवा वाटला. तिने मार खाल्ला, कान गमावला, आणि पुस्तकाचा आनंद तिच्याकडे राहिला. माझ्या अंगावर त्या दिवशी एक वळही उठला नाही आणि माझं सगळं गेलं. हे बोलायला मला लाज वाटते, पण खरं आहे.

"मग तूच का नाही लिहिलंस ते?" मी म्हणालो. "चार पानांत सगळं आहे. मीच नाही."

"तुझी जागा सोडली होती," ती म्हणाली. "मुद्रित तुझ्याकडेच द्या म्हणून संपादकबाईंच्या मागे लागले मी. म्हटलं, या वाक्यापाशी आला की थांबेल. काहीतरी लिहील समासात. एखादं प्रश्नचिन्ह तरी. आठ दिवस वाट बघितली. आणि मुद्रित आलं तर काय, 'मी वाचलं'! पुन्हा तेच, दादा. पुन्हा माझ्याच अंगावर." आता मात्र तिचा आवाज फाटला. तिने पान माझ्या छातीवर मारलं, एकदा, दोनदा, आणि ते चुरगळून माझ्या मांडीवर पडलं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. यंत्रावरचा माणूस टेबलापाशी उभा राहून बाकीची पानं जुळवत होता आणि संपादकबाई घड्याळाकडे बघत होत्या. मी पान तळव्याने सपाट केलं. आधी 'वाचलं'वरचा अनुस्वार काटला, मात्रा परत दिली, शेजारी लिहिलं, 'ले, मूळ बरोबर'. हे सोपं होतं. मग 'माझ्या हातात पुस्तक होतं' या वाक्याच्या पुढे मी हंसपद काढलं. हंसपद म्हणजे दोन ओळींमध्ये काढायची ती चोचदार खूण, सुटलेला शब्द इथे घाला असं सांगणारी. कंपोझ करताना जे सुटलं तेवढंच तिथे लिहायचं असतं. माझ्या पेनने तिथे कधी स्वतःचा शब्द लिहिला नव्हता. मी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मी समासात लिहिलं, बारकीच्या जागी उभा राहून, तिच्या तोंडचं: 'पण वाचत मी नव्हते. वाचत होता माझा भाऊ. बाबांना बघून त्याने पुस्तक माझ्या मांडीवर फेकलं आणि म्हणाला, ती वाचत होती.' तीनच वाक्यं. संपादकबाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "अहो, पण हे..." त्या म्हणाल्या. "हे तुम्ही कसं घालताय? आणि यात तो गोडवा..." पुढे त्यांनी वाचलं असावं, कारण त्या दोन पावलं मागे सरल्या.

बारकीने पान उचललं. ती अजूनही ओठ हलवत वाचते. तिसरं वाक्य तिने दोनदा वाचलं असावं, कारण तिचे ओठ 'ती वाचत होती'पाशी पुन्हा हलले. मग तिने पान टेबलावर नीट ठेवलं, चुरगळलेला कोपरा दाबून सरळ केला, आणि माझ्या थोबाडीत मारली. पूर्ण हात मागे नेऊन, सगळ्यांच्या देखत. चष्मा उडून कपाटाखाली गेला. माझं डोकं भिंतीवर आपटलं, तोंडात रक्ताची चव आली. कुणीतरी "अहो!" म्हणालं. बारकीचा हात अजून वरच होता, आणि तिला हुंदका येत होता तो ती आवरत नव्हती. नऊ वर्षांच्या मुलीसारखा मोठ्याने, तोंड उघडं टाकून, सगळ्या कचेरीभर तो तिने येऊ दिला. अडतीस वर्षांत त्या दुपारबद्दल मला कुणी हात लावला नव्हता. मी गाल धरला नाही. गुडघ्यांवर बसून कपाटाखालून चष्मा काढला. एक काच तडकली होती. दुसऱ्या काचेतून मी ती तीन वाक्यं पुन्हा तपासली, एका ठिकाणी राहिलेला स्वल्पविराम दिला, पानाच्या खाली सही केली आणि पान यंत्रावरच्या माणसाच्या हातात दिलं.